पायवाटेने पावागड

पावसाळा सरून हवा स्वच्छ झाली की बडोद्यातील उंच गच्चीवरून पूर्वेकडे, किंचित उत्तरेला कललेला, एक निळसर एकांडा डोंगर दिसतो. आमच्या लहानपणी रावपुऱ्यातील घराच्या तिसऱ्या मजल्यावरून तो सहज दिसे. आता मध्ये इमारती उभ्या राहिल्या आहेत. आजी रोज सकाळी तुळशीला पाणी घातले की त्या दिशेस हात जोडत असे. आमची कुलस्वामिनी तुळजापूरची. परंतु बडोद्याहून तुळजापूर गाठणे त्या काळी आयुष्यात एकदोनदाच घडे. म्हणून वर्षाच्या वर्षाला ओटी भरायची ती पावागडच्या कालिकेची. ‘तीही तीच,’ एवढेच आजीचे त्यावरचे भाष्य असे. माझ्या परिचयाच्या पाचसहा मराठी घरांत तरी हीच वहिवाट होती.

आजी चांपानेरपासून माथ्यापर्यंत पायी चढत असे. माझ्या वडिलांच्या पिढीने माचीपर्यंत मोटार नेली. आणि मी? राज्य सरकारच्या महसूल खात्यात नोकरी झाली, त्यातील काही वर्षे पंचमहाल जिल्ह्यात गेली. चैत्र व आश्विनातील यात्रांच्या बंदोबस्तासाठी वीस वेळा तरी गडावर गेलो असेन. जीपने माची, तेथून १९८६ पासून सुरू असलेल्या उडनखटोल्याने वर, मग अडीचशेच्या आसपास पायऱ्या, दर्शन, कामाचा आढावा आणि परत. या वीस खेपांत मी पावागड पाहिला नाही, असे आज कबूल करावेसे वाटते. तो पाहिला निवृत्तीनंतर, गेल्या माघ महिन्यात, आम्ही चौघे सेवानिवृत्त स्नेही शनिवार-रविवार काढून पायवाटेने चढलो तेव्हा. आमच्यातील सर्वांत वडील सत्तरीचे आहेत. तेव्हा ही चढण साधारण प्रकृतीच्या कोणालाही झेपेल, याची वाचकांनी खात्री बाळगावी. मात्र उन्हाळा टाळावा आणि निघणे पहाटेचे असावे.

शनिवार चांपानेरसाठी राखला होता. बडोद्याहून पन्नास किलोमीटरांच्या आत हे अंतर आहे. हालोल मागे पडले की डोंगर एकदम अंगावर येतो, आणि त्याच्या पायथ्याशी तटबंदीच्या आत आज एक लहानसे गाव नांदते. हे गाव एके काळी गुजरातच्या सल्तनतीची राजधानी होते. महमूद बेगड्याने १४८२ च्या अखेरीस गडाला वेढा घातला आणि जवळजवळ दोन वर्षे तो चालवून १४८४ च्या नोव्हेंबरात गड घेतला. वेढा चालू असतानाच त्याने खाली मशिदीचा पाया घातला, असे फारसी इतिहासकार सांगतात. आपण येथून हलणार नाही, हे गडावरच्यांना दिसावे म्हणून! विजयानंतर त्याने गावाला मुहम्मदाबाद हे नाव दिले आणि पन्नासएक वर्षे येथून राज्यकारभार चालला. १७२ खांबांची जामी मशीद, केवडा मशीद, नगिना मशीद ही त्या अर्धशतकाची कमाई. जामी मशिदीच्या खांबांत आणि कमळांच्या छतांत उभे राहिले की देवळे घडविणारे हातच येथे काम करीत होते, हे सांगावे लागत नाही.

पुढे १५३५ मध्ये हुमायूनने हे सारे जिंकले, आणि नंतर गुजरातची राजधानी पुन्हा अहमदाबादेस गेली. शहर इतक्या झपाट्याने ओस पडले की १६११ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘मिराते सिकंदरी’चा कर्ता येथे वाघांची वस्ती झाल्याचे नमूद करतो. रान वाढले म्हणूनच शहराचा आराखडा मातीखाली शाबूत राहिला. आपल्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या पुरातत्त्व विभागातर्फे प्रा. र. ना. मेहता यांनी १९६९ ते १९७५ या काळात येथे उत्खनन केले, तेव्हा रस्ते, घरे, बागा, पाण्याच्या वाटा उजेडात आल्या. त्याही आधी, १९४९ मध्ये, बडोदा म्युझियमचे जर्मन विद्वान हर्मान गोट्झ यांनी या स्थळावर अभ्यासपूर्ण लेखन केले होते. २००४ साली युनेस्कोने चांपानेर-पावागडला जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि तो मान मिळवणारे हे गुजरातमधील पहिले स्थळ ठरले. या कामात बडोद्याचा वाटा मोठा आहे, आणि बडोदेकरांना त्याचे विस्मरणही तितकेच मोठे आहे.

रविवारी सकाळी सहाला, अंधार असतानाच, आम्ही पायवाटेला लागलो. पहिला लागतो तो अटक दरवाजा. पुढे बुढिया, मोती, सदनशाह अशा नावांचे दरवाजे चढणीवर आडवे येतात. मधल्या टापूत सात कमान नावाची, पिवळसर दगडाच्या कमानींची एक देखणी रांग दरीच्या कडेला उभी आहे. तटातून हात बाहेर काढावा तशी ती दिसते. उजाडू लागले तशी खालची जामी मशीद आणि वडा तलावाचे पाणी नजरेस पडू लागले. मोटारीने येणाऱ्याला हे दृश्य वळणावळणावर तुटक दिसते. चालणाऱ्याला ते हळूहळू, एकेका दरवाजागणिक, उलगडत जाते. किल्ल्याचे दरवाजे कशासाठी असतात, हेही चालल्यावाचून कळत नाही. प्रत्येक दरवाजा अशा ठिकाणी आहे की तेथे पोहोचेपर्यंत माणसाला धाप लागलेली असते. आमच्या सत्तरीच्या स्नेह्यांनी बुढिया दरवाजाशी बसकण मारून हा शोध जाहीर केला: ‘शत्रू इथे आला की आधी बसणारच.’

डोंगराचा दगडही पाहण्यासारखा आहे. खालचा भाग दख्खनच्या सह्याद्रीसारखाच काळ्या बेसाल्टचा. वर मात्र ऱ्हायोलाइट हा फिकट, तांबूस छटेचा, कठीण ज्वालामुखी खडक आहे. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पावागड माहीत असतो तो यासाठी. या कठीण टोपीमुळेच माथ्याचे कडे असे सरळ तासल्यासारखे उभे राहिले. गड बळकट झाला तो राजांच्या आधी निसर्गामुळे. तरीही हुमायूनच्या माणसांनी १५३५ मध्ये रात्री कड्यात लोखंडी मेखा ठोकून वर चढाई केली. अबुल फझल सांगतो की एकोणचाळीस माणसे वर गेली, चाळिसावा बैरामखान होता आणि एकेचाळिसावा स्वतः बादशहा. किल्लेदार इख्तियारखान तेव्हा सर्वांत वरच्या ‘मौलिया’ नावाच्या बालेकिल्ल्यात शिरला. हे मौलियाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. आपल्याला तेथेच जायचे आहे.

माचीला पोहोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. येथे एस.टी. येते, चहाची दुकाने आहेत, देवीच्या चुनरी आणि नारळ आहेत, गर्दी आहे. बांधकामाचे सामान पाठीवर घेऊन वर जाणारी गाढवे येथूनच निघतात, त्यांना वाट द्यावी लागते. उडनखटोल्यासमोर मोठी रांग होती. आम्ही तिच्या बाजूने पुढे निघालो तेव्हा रांगेतल्या एका मुलाने आईला विचारले, ‘आ दादाओ चालता केम जाय छे?’ आमच्यापैकी कोणालाही त्याचे चटकन उत्तर सुचले नाही.

वरच्या पठाराला मौलिया पठार म्हणतात. येथे पाण्याची तळी आहेत, आणि त्यांची नावे मोठी घरगुती: तेलिया, दूधिया, छासिया. तेल, दूध आणि ताक. एवढ्या उंचीवर, वाहत्या झऱ्यावाचून, एक अख्खी शिबंदी वर्षानुवर्षे राहू शकली ती या तळ्यांच्या भरवशावर. दोन वर्षांचा वेढा सोसणे म्हणजे दोन पावसाळ्यांचे पाणी साठवणे, हे मला तेथे उभे राहिल्यावर कळले. महसूल खात्यात टंचाईचे आराखडे करण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला हे आधीच सुचायला हवे होते.

छासिया तळ्याच्या परिसरात लकुलीशाचे मंदिर आहे. दहाव्या-अकराव्या शतकातील हे मंदिर पावागडावरील उभ्या वास्तूंत सर्वांत जुने. सभामंडप पडला आहे. गर्भगृह आणि अंतराळ तेवढे उरले आहेत. भिंतींवर दक्षिणामूर्ती, ब्रह्मा, विष्णू, गजेंद्रमोक्षाचा प्रसंग आणि सुरसुंदरी आहेत. काहींचे चेहरे झिजले आहेत, काहींचे फोडले गेले आहेत. उडनखटोल्याच्या वरच्या स्थानकापासून हे ठिकाण फार दूर नाही. म्हणजे वीस वेळा मी याच्या जवळून गेलो होतो! आम्ही तिकडे वळलो तेव्हा ताक विकणाऱ्या एका बाईंनी मागून हाक मारली, ‘काका, मंदिर तो उपर छे!’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तासाभरात आमच्याखेरीज तेथे दुसरे कोणी फिरकले नाही.

लकुलीश कोण, हे आपल्या मंडळींना थोडे सांगणे आवश्यक वाटते, कारण तो आपल्या शेजारचा आहे. पाशुपत शैव संप्रदायाचा हा आचार्य; हाती लकुट म्हणजे दंड, म्हणून लकुलीश. परंपरेनुसार त्याचे स्थान कायावरोहण, अर्थात बडोद्याच्या दक्षिणेकडील आपले कारवण. कुशिक, गर्ग, मित्र आणि कौरुष्य हे त्याचे चार शिष्य. मथुरेस सापडलेल्या, गुप्त संवत् ६१ म्हणजे इ. स. ३८० च्या एका स्तंभलेखात उदिताचार्य नावाचा गुरू स्वतःला कुशिकापासूनचा दहावा म्हणवतो. एका पिढीस पंचवीस वर्षे धरून विद्वानांनी लकुलीशाचा काळ इसवीच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास आणला तो यावरून. मुंबईजवळच्या जोगेश्वरी आणि घारापुरी लेण्यांतही लकुलीशाची मूर्ती आहे. घारापुरीला जाऊन आलेले बडोदेकर शेकडो असतील. त्या लेण्यांतील शिवाचे एक सूत्र कारवणच्या मातीपर्यंत येऊन पोहोचते आणि त्याची एक गाठ पावागडावर आहे, ही गोष्ट मला साठी उलटेपर्यंत कोणी सांगितली नाही. मीही कोणाला विचारली नाही.

याच पठारावर जैन मंदिरांचे समूह आहेत. तेराव्या ते पंधराव्या शतकातील ही मंदिरे. काहींचा पुष्कळ जीर्णोद्धार झाला आहे, तर काहींवर जुने कोरीव काम टिकून आहे. दिगंबर जैनांच्या श्रद्धेप्रमाणे रामाचे पुत्र लव आणि कुश यांचे निर्वाण याच डोंगरावर झाले, म्हणून त्यांच्या लेखी हे सिद्धक्षेत्र. २०२४ च्या जून महिन्यात जुन्या पायऱ्यांलगतच्या तीर्थंकरमूर्ती विकासकामात काढल्या गेल्या, तेव्हा जैन समाजात तीव्र संताप उसळला आणि त्या होत्या तेथे परत बसविण्याचे आश्वासन सरकारला द्यावे लागले. मोठ्या क्षेत्रांच्या विकासात रुंद पायऱ्या हव्याच असतात. मी स्वतः अशा पायऱ्यांच्या नकाशांवर सह्या केल्या आहेत. परंतु नकाशावर रेघ ओढताना तेथे आधी काय उभे आहे, ते पायी जाऊन पाहावे, एवढी साधी शिस्त आम्ही अधिकाऱ्यांनी नेहमी पाळली, असे म्हणण्याचे धाडस मला होणार नाही.

मग शेवटच्या पायऱ्या आणि कालिकेचे दर्शन. सतीच्या उजव्या पायाचे बोट येथे पडले, अशी श्रद्धा आहे. देवीची पूर्ण मूर्ती नाही. शेंदरी मुखवटा आहे, आणि दोन बाजूंस महाकाली व बहुचरा. ज्या पताई रावळाची कथा गुजराती गरब्यांतून आपणही लहानपणापासून ऐकली, तो हाच. नवरात्रात गरबा खेळायला आलेल्या देवीचा पदर राजाने धरला आणि तिच्या शापाने राज्य बुडाले, ही ती कथा. इतिहासात तो खीची चौहान घराण्याचा शेवटचा राजा जयसिंह. बेगड्याच्या फौजेने तटाला खिंडार पाडले, गडावर जोहार झाला, राजा जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. दोन वर्षे गड झुंजवणारा राजा लोककथेत मात्र पदर धरणारा म्हणून उरला. पराभवाचे कारण पराभूताच्या चारित्र्यात शोधण्याची लोकांची ही रीत सर्वत्र आढळते.

मंदिराच्या माथ्यावर पूर्वी सदनशाह पिराचा दर्गा होता, त्यामुळे शिखर नव्हते. आजी खाली देवीला ओटी वाहून वर पिरालाही हात जोडी. अलीकडच्या नूतनीकरणात परस्पर संमतीने दर्गा शेजारी हलविण्यात आला, शिखर नव्याने उभारले गेले आणि १८ जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्यावर ध्वज चढला. आजच्या मंदिराचे चौक प्रशस्त आहेत, दर्शन सुलभ झाले आहे. आजीला तिचे जुने मंदिर ओळखू आले नसते. पायांना मात्र बरे वाटले असते.

माथ्यावरून पश्चिमेला सपाट मुलूख पसरलेला, दूर धुरकट पट्ट्यात बडोदे. दुसरीकडे जांबुघोड्याच्या जंगलाच्या टेकड्या. कठड्याशी बसून दशम्या सोडल्या, तेव्हा आमच्यातील एका स्नेह्यांनी, जे इतिहासाचे प्राध्यापक होते, प्रश्न टाकला: ‘सव्वाशे वर्षे हा गड मराठ्यांकडे होता. येथे आपल्या लोकांनी काय बांधले?’

आम्ही गप्प बसलो. १७२७ मध्ये कंठाजी कदम बांडे यांच्या कृष्णाजीने अचानक छापा घालून चांपानेर घेतले, आणि तेव्हापासून गुजरातेत कदमांचे ठाणे पक्के झाले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले. कंठाजी दाभाड्यांच्या बाजूला होते. बाजी बाजीरावांची झाली. पुढे १७३४ मध्ये बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले, पण पावागड त्यांचा झाला नाही. तो अठराव्या शतकातच शिंद्यांकडे गेला. आपल्या गच्चीवरून दिसणारा डोंगर गायकवाडांच्या राज्यात नव्हता, ग्वाल्हेरच्या राज्यात होता, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

१८०३ च्या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात कर्नल वुडिंग्टनने आधी भडोच घेतले आणि १७ सप्टेंबरला पावागड. बेगड्याला दोन वर्षे लागली, हुमायूनला मेखा ठोकाव्या लागल्या; इंग्रजांच्या तोफांपुढे गड काही दिवसांत पडला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावच्या तहात पावागड आणि दोहद शिंद्यांना परत मिळाले. पुढची पन्नास वर्षे शिंद्यांनी येथून वसूल घेतला. १८५३ मध्ये या परगण्यांचा कारभार त्यांनी इंग्रजांकडे सोपविला, आणि १८६१ मध्ये झाशीकडील मुलखाच्या बदल्यात तो कायमचा देऊन टाकला. अदलाबदलीच्या एका कलमाने मराठ्यांचा पावागड संपला. बेगड्याने मशीद ठेवली, जैन श्रेष्ठींनी देरासरे ठेवली, पाशुपतांनी लकुलीश ठेवला. खाली चांपानेर रानात बुडाले होते, ते आपल्या लोकांनी तसेच राहू दिले.

प्राध्यापकांचे म्हणणे कडू होते, तरी खोटे नव्हते. पण माझ्यातला जुना कारकून जागा झाला. मी म्हटले, ‘दगडात नसेल, दप्तरात आहे.’ गोध्रा, कालोल, हालोल, दोहद आणि झालोद हे शिंद्यांच्या गुजरातेतील अमलाखालचे पाच महाल. त्यांवरून मुलखाला पंचमहाल म्हणू लागले. इंग्रज आले, त्यांनी तेच नाव जिल्ह्याला ठेवले. मुंबई राज्य झाले, गुजरात झाले, १९९७ मध्ये दाहोद वेगळा जिल्हा होऊन पाचांतले दोन महाल निघून गेले. नाव मात्र टिकले. नोकरीच्या काळात हजारो पाकिटांवर, आदेशांवर, शिक्क्यांखाली मी ‘पंचमहाल’ लिहिले. ती एका मराठी संस्थानाच्या वसुलाची मोजणी होती, हे कधी मनात आले नाही.

‘म्हणजे आपण वसूल ठेवून गेलो,’ प्राध्यापक म्हणाले.

‘हिशेबही ठेवून गेलो,’ मी म्हणालो. वाद तेथे मिटला नाही. उतरताना मोती दरवाजापर्यंत चालू होता. सत्तरीचे स्नेही मध्येच थांबून म्हणाले, ‘मंडळी, गुडघे उतरतानाच बोलतात. तुम्ही जरा गप्प राहा.’

उतरणीला काठी असावी, हे त्यांचे मत मी वाचकांसाठी येथे नोंदवून ठेवतो. पाणी माचीवरून भरून घ्यावे. लकुलीशाच्या मंदिरासाठी तासभर तरी राखावा, आणि तो दर्शनाच्या आधी, कारण दर्शन झाले की पाय आपोआप खाली वळतात.

परतताना संध्याकाळ झाली होती. बडोद्यात शिरल्यावर विश्वामित्रीचा पूल लागला. ही नदी याच डोंगरात उगम पावते. वर एका घळीत विश्वामित्रांनी तप केले, म्हणून तिला हे नाव, अशी कथा आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिचे पाणी आमच्या तळमजल्यात साडेतीन फूट चढले होते आणि वडिलांच्या वेळचे दोन पेटारे भिजले होते. माघात ती अगदी रोडावलेली होती. स्नेह्यांनी पुलावर गाडी हळू केली. खाली चिखलाच्या काठावर एक मगर स्थिर पडून होती, आणि कठड्याशी चारपाच मुले तिने हालचाल करण्याची वाट पाहत उभी होती.